कॅलिफोर्नियातल्या सपाता

१२ मार्च १९९४, ब्रनो

काम लागलं. खोलीत रेडिओ नाही, म्हणून हे लिहीत बसतो. शाळेत एवढं लिहिलं असतं तर सुतारकामाची शाळा अर्ध्यात सोडावी लागली नसती.

जागा म्हणजे शहराच्या टोकाची लोकरीची गिरणी. गिरणी बुडाली, यंत्रं कुणीतरी विकली, लोकरीचा वास तेवढा मागे राहिला. मालक इंजिनियर होवोर्का. पन्नाशीच्या पुढचे, टाय लावतात आणि टायवर स्वेटर. मला म्हणाले, "कुठला तू?"

म्हटलं, "स्निना. पार पूर्वेला, युक्रेनच्या कडेला."

"म्हणजे परदेशी."

मागच्या वर्षी देशाची चेक आणि स्लोव्हाक अशी वाटणी झाली तेव्हापासून मी परदेशी आहे. मी हललो नाही, देश हलला.

"एक खोली बांधायचीय," ते म्हणाले.

"कुठे?"

"कॅलिफोर्नियात."

म्हणजे इथेच, गिरणीत, पण सिनेमात कॅलिफोर्निया वाटली पाहिजे. तिथे खोली कशी असते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जर्मन फर्निचरवाल्याचा कॅटलॉग काढून म्हणाले, "अशीच, फक्त ऊन जास्त."

१९ मार्च

खोली झाली. तीन भिंती, एक खिडकी, खिडकीबाहेर रंगवलेलं ताडाचं झाड. दाराशी बूट ठेवायची मांडणी केली. कुणी सांगितली नव्हती, पण त्याशिवाय खोली म्हणजे गोठा. इंजिनियरसाहेब म्हणाले, "वा, डोकं आहे तुला." बोहुन्कामावशींनी मांडणीत सपाता आणून ठेवल्या. तपकिरी चौकड्यांच्या, रबरी तळाच्या, घरोघरी असतात तशा. मावशी इथे स्वयंपाक, धुणं, इस्त्री सगळं बघतात. आधी बालवाडीत स्वयंपाकीण होत्या. तेच करतेय, म्हणतात, पोरं तेवढी मोठी झाली. एकवीसच्या आतल्याला त्या दारातूनच परत लावतात. चष्मा लावून ओळखपत्र बघतात, फोटो तोंडाशी ताडून.

मग शूटिंग सुरू झालं आणि सिनेमा कसला ते मला कळलं. दोन पुरुष आत आले. बराच वेळ झाला, बाई काही येईना. मी मावशींना विचारलं, "बाई कधी येणार?"

"मी आहे की," मावशी म्हणाल्या. "कशाला हवीय?"

भिंतीचा हिरवा रंग अजून ओला होता. मी ओरडून सांगितलं, टेकू नका. टेकले. उंच होता त्याची अख्खी पाठ हिरवी झाली. शूटिंग थांबलं. रंग माझा, म्हणून टर्पेंटाइनचं फडकं घेऊन मलाच पुसावं लागलं.

"हळू रे सुतारा," तो म्हणाला, "दार नाहीये मी."

नाव रादिम. आधी शहरात ट्राम चालवायचा. पाठ पुसायला बराच वेळ गेला. रंग चांगल्या प्रतीचा आहे.

माझं या धंद्याबद्दल काही म्हणणं नाही. मी सुतार. ज्याने त्याने आपलं बघावं.

१ एप्रिल

पोस्टातून आईला फोन केला.

"काय काम करतोस?"

"घरं बांधतो."

"लोक राहायला आले का त्यात?"

"येतात. थोडा वेळ."

"स्वच्छ आहेत ना लोक?"

"आत आले की आधी हात धुतात."

आईला बरं वाटलं. मग म्हणाली, पोस्टमनची मार्सेला अजून विचारते रे तुझं. म्हटलं, सध्या काम खूप आहे.

हात धुण्याचं खोटं नाही. इंजिनियरसाहेबांनी आयुष्यभर सरकारसाठी कामगार-सुरक्षेचे सिनेमे काढले. करवतीपासून बोटं कशी वाचवावीत यावर त्यांना मंत्रालयाचं पदक आहे. सरकार बदललं, खातं बंद झालं, कॅमेरा त्यांनी विकत घेतला. पण हात तोच. त्यांच्या सिनेमात माणूस आत येतो, दार लावतो, बूट काढून मांडणीत ठेवतो, सपाता घालतो, हात धुतो, गॅस बंद आहे का बघतो. त्यानंतर जे काय ते. मुख्य काम सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो. सगळं आटोपलं की दोघं मिळून चादरीची घडी घालतात.

१४ एप्रिल

नवी जबाबदारी मिळाली. काल रादिमचा भांग डावीकडे होता, आज उजवीकडे. सिनेमात संध्याकाळ एकच. इंजिनियरसाहेब भडकले, "अरे, दाराबाहेर जाऊन आला तेवढ्यात डोकं फिरलं का याचं?"

मी म्हटलं, काल डावीकडेच होता. मनगटावर घड्याळ नव्हतं. डाव्या कोपराला खरचटलं होतं, ते आज वाळलंय. आणि शर्टाचं वरून दुसरं बटण उघडं होतं.

"शाबास. आणि दुसऱ्याचं?"

दुसऱ्याचं मला आठवेना. तरी काम मलाच दिलं. आता रोज लिहून ठेवायचं, कोण कुठे उभा होता, काय घातलं होतं, केस कसे होते. उद्याचं आजशी जुळलं पाहिजे.

२२ जून

पहिला सिनेमा पुरा झाला. वर स्टुडिओचं नाव 'सनी हार्बर'. ब्रनोला समुद्र नाही, पण नाव जर्मन माणसाने दिलंय आणि पैसाही त्याचाच. हेर डीटमार, कोलोनचा. हेर म्हणजे त्यांच्यात साहेब. आज सिनेमा बघायला आला. गिरणीच्या जेवणघरात पडदा लावला. मावशींच्या आजीची भाषा जर्मन, म्हणून दुभाष्या त्याच.

सिनेमा संपला. हेर डीटमार आमच्याकडे वळला. मग बराच वेळ बोलला, हातवारे करून.

मावशींनी सांगितलं, "विचारतोय, बूट का काढतात?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इंजिनियरसाहेब म्हणाले, "घरात आल्यावर काढणारच ना?"

मावशींनी ते सांगितलं. तो पुन्हा लांबलचक बोलला.

"म्हणतो, अमेरिकेत नाही काढत. बूट घालून आत फिरतात. पलंगावरसुद्धा."

कुणाचा विश्वास बसेना. रादिम म्हणाला, "थापा मारतोय."

"विचारा त्याला," मी म्हटलं, "फरशी कोण पुसतं मग?"

मावशींनी विचारलं. हेर डीटमारने घड्याळ बघितलं. परत काढायला वेळ नव्हता, तो सिनेमा तसाच घेऊन गेला. जाताना मावशींनी त्याला पिठाचे उकडलेले क्नेडलिक आणि आंबट कोबी वाढला. तेही त्याने निमूट खाल्लं.

३० सप्टेंबर

हेर डीटमारचा फोन आला. सिनेमा चालला. फ्रान्समध्ये, हॉलंडमध्ये, आणि खुद्द अमेरिकेत. लोक कौतुक करतायत. नटांचं नाही, सपातांचं. म्हणतात, असं सुसंस्कृत काही आधी पाहिलं नव्हतं. कुठे मिळतात, असं विचारतायत.

संध्याकाळी इंजिनियरसाहेबांनी स्वेटर काढला आणि नुसत्या टायवर बसले.

१७ जानेवारी १९९५

आता महिन्याला एक सिनेमा. मी समुद्रकाठचा बंगला बांधला, कॉलेजचं वसतिगृह बांधलं, न्यायाधीशाचं ऑफिस बांधलं. न्यायाधीशाच्या ऑफिसलाही मांडणी केली. न्यायाधीश झाला म्हणून काय?

रादिमला आता बाहेर नाव आहे, ब्रॅड की असंच काही. मी वेंडेलिन, मला सगळे वेंडा म्हणतात. रादिम मात्र नुसतं 'सुतारा' म्हणतो. एखादं दृश्य संपलं की कपडे चढवत ओरडतो, "पुढचा थांबा जेवणघर! उतरणाऱ्यांनी दाराशी यावं!" ट्रामची सवय. रोजचाच विनोद, तरी हसू येतं.

३ फेब्रुवारी

रादिम आजारी. शूटिंग नाही. भांग कसा होता ते माहीत नाही.

४ फेब्रुवारी

अजून आजारी. खिडकीबाहेरचं ताडाचं झाड पुन्हा रंगवलं. गरज नव्हती.

६ फेब्रुवारी

रादिम आला. भांग उजवीकडे. दाढी वाढलेली. मावशी म्हणाल्या, "वेंडा, आज ताटातलं सगळं संपवलंस की रे." मला त्यात काही विशेष वाटलं नाही. भूक लागली होती.

११ मे

रादिमचे पाय मोठे आहेत. दुकानातल्या सपाता त्याला आखूड पडतात, टाच बाहेर राहते आणि कॅमेऱ्यात ते वाईट दिसतं. म्हणून मी लाकडी साचा कोरला. मापासाठी त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. गुदगुल्या होतात म्हणून तो पाय सारखा ओढत होता. गिरणीच्या कोठीत करड्या लोकरीचं ताग्याचं कापड पडलं होतं, त्याच्या शिवल्या. तीन जोड बिघडले, चौथा जमला.

रादिमने घालून दोन फेऱ्या मारल्या. म्हणाला, "सुतारा, एवढं तर माझ्या आईने केलं नाही रे."

"कॅमेऱ्यासाठी केलंय," मी म्हटलं.

"बरं बरं. कॅमेऱ्याला सांग, आवडल्या."

२० ऑक्टोबर

बर्लिनला बक्षीस मिळालं. इंजिनियरसाहेब मंत्रालयाचं पदक लावून गेले होते. तिथे सगळे चामड्याच्या कपड्यांत, हे एकटे सुटात. भाषणात सांगून आले की घरातले बहुतेक अपघात घाईमुळे होतात. म्हणे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

रादिमने बर्लिनहून माझ्यासाठी रंधा आणला. जर्मन पोलाद. अजून वापरला नाही. बोथट होईल.

२४ ऑगस्ट १९९६

आज बाहेर शूटिंग. खाणीच्या खड्ड्यात पाणी साठून तळं झालंय, ते पॅसिफिक महासागर. मी लाटांवर तरंगायच्या दोन फळ्या बनवल्या. लाटा नव्हत्या.

काल पाऊस पडला होता. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. मग कुणीतरी झाडीकडे बोट दाखवून म्हणालं, "हे बघा काय!" आळंबी. तपकिरी टोपीची, जाड देठाची, अगदी पहिल्या प्रतीची. कॅमेरा तसाच चालू आणि अख्खी मंडळी जंगलात. नट होते तसेच. इंजिनियरसाहेब आधी ओरडले, मग टाय सोडून तेही आले. मावशींनी चादरीची झोळी केली.

मी आणि रादिम लांब आत गेलो. तो टॉवेल गुंडाळून, मी खिशात चाकू घेऊन. मी कापत होतो, तो धरत होता.

मध्येच म्हणाला, "काय रे, तू माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवतोस?"

"भांग. घड्याळ. उभं कुठे राहतोस."

"रविवारीसुद्धा? मावशी सांगत होत्या."

"सवय लागलीय."

तो हसला नाही. म्हणाला, "डीटमार मला कोलोनला चल म्हणतोय. काम त्याच्याच कंपनीत. तिथून पुढे खरं कॅलिफोर्निया. नाताळाच्या आत सांगायचंय. जाऊ का?"

मी विचार करून सांगितलं, "तिथे खरा समुद्र आहे. इथे माशा."

"मी समुद्राचं विचारलं नाही, वेंडा."

पहिल्यांदा त्याने नाव घेतलं. मी म्हटलं, हे आळंबं किडकं आहे. ते किडकं नव्हतं. फेकून दिलं तेव्हा दिसलं, आतून पांढरंशुभ्र. रादिमनेही बघितलं. मग आम्ही परत आलो.

संध्याकाळी मावशींनी अंड्यात परतून सगळ्यांना वाढलं. मला गेलं नाही. दुपारी ऊन लागलं असावं.

२५ ऑगस्ट

रविवार. भांग माहीत नाही.

९ ऑक्टोबर

हेर डीटमार आला. गंभीर. मावशींनी भाषांतर केलं, "म्हणतोय, सपातांची हौस फिटली लोकांची. आता खरी अमेरिका पाहिजे. बूट घालून आत यायचं, बूट घालून पलंगावर. नाहीतर पुढचा पैसा नाही."

इंजिनियरसाहेब उठून उभे राहिले. "पलंगावर बूट? त्याला सांगा, मी तीस वर्षं सिनेमे काढतोय. मला काही तत्त्वं आहेत."

मावशींनी सांगितलं. हेर डीटमार म्हणाला, एक शेवटचा सिनेमा त्याच्या पद्धतीने करून द्यायचा, करार आहे. मग स्टुडिओ बंद. रादिमला तो घेऊन जाईल.

रादिम खिडकीबाहेरच्या ताडाकडे बघत होता. म्हणाला, "एवढी घाई का? विचार करतोय म्हटलं ना."

असं म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. भिंतीचा एक खिळा वर आला होता, मी तो ठोकायला गेलो. माझं त्यात काय? ज्याचं त्याने ठरवावं. गेला तर मला भांगाचं लिहायचं काम राहणार नाही, एवढंच. काम कमी होईल. चांगलंच की.

५ नोव्हेंबर

हेर डीटमारने मांडणी काढायला लावली. मीच खिळे उपसले. दाराशी भिंतीवर फिकट चौकोन राहिला. त्यावर रंग मारला, तरी दिसतोय.

७ नोव्हेंबर

शेवटचं शूटिंग. हे नीट लिहायला हवं, कारण आज चूक माझी झाली.

दृश्य साधं. रादिम दारातून येतो, बूट घालून सरळ पलंगापर्यंत जातो. बस. हेर डीटमार स्वतः कॅमेऱ्याजवळ उभा होता.

पहिल्यांदा रादिम आत आला आणि उंबऱ्यातच वाकून नाडी सोडायला लागला. कट.

दुसऱ्यांदा वाकला नाही, टाचेने टाच दाबून बूट काढला. कट. हेर डीटमार बोलला, मावशी म्हणाल्या, "शिव्या आहेत, सांगत नाही."

"मी काय करू?" रादिम म्हणाला. "पाय ऐकत नाहीत. गालिचा फिका आहे!"

आणखी दोन-चारदा तेच. एकदा बूट घालून तो गालिच्याच्या कडेपर्यंत गेला. मग उभाच राहिला, थंड पाण्यात उतरताना माणूस राहतो तसा. इंजिनियरसाहेबांनी डोळ्यांवर हात ठेवला होता.

मी भिंतीच्या मागे होतो, नेहमीच्या जागी, दाराच्या चौकटीला टेकू देऊन. पुन्हा सुरू झालं. रादिम आत आला. बूट काढले. दोन्ही. आणि हातात धरून उभा राहिला. मांडणी नव्हती. कुठे ठेवायचे कळेना त्याला. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, फिकट चौकोनाकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, हातात बूट घेऊन. मला ते बघवेना.

मी चौकटीतून हात बाहेर काढला.

त्याने हाताकडे बघितलं. मग बूट माझ्या हातात दिले. हात लगेच मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही. त्यानेही बूट लगेच सोडले नाहीत. किती वेळ ते लिहून ठेवायचं राहिलं. कॅमेरा चालू होता.

"कट," इंजिनियरसाहेब म्हणाले. अगदी हळू.

हेर डीटमार ओरडला. मावशींनी सांगायची गरज नव्हती, हात कुणाचा एवढंच विचारत होता. मावशी त्याला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. तो खुर्चीत बसला आणि मग म्हणाला, राहू दे.

नंतर मी विचारलं, "मावशी, काय सांगितलंत त्याला?"

"म्हटलं, तुला डोळे आहेत की भोकं?"

अडीच वर्षांत जुळवाजुळवीत माझी ही पहिली चूक. इंजिनियरसाहेबांची माफी मागितली. ते म्हणाले, "वेंडा, मी आयुष्यात एवढं चांगलं दृश्य घेतलं नव्हतं." वयामुळे हळवे झालेत.

३० नोव्हेंबर

गिरणीला कुलूप. इंजिनियरसाहेबांना अग्निशमन दलाने गॅसच्या टाक्यांवर सिनेमा काढायला बोलावलंय. मावशी परत बालवाडीत चालल्या, म्हणतात तिथे गोंधळ जास्त पण धुणं कमी. 'सनी हार्बर'ची पाटी मी उतरवली. भिंती जळणाला गेल्या. दार आणि मांडणी कुणी मागितली नाही, ती मी ढकलगाडीवरून खोलीवर आणली. घरमालकीण स्त्रनादोवाबाई म्हणाल्या, "दार आहे की खोलीला." म्हटलं, हे चांगलं आहे.

२ डिसेंबर

रादिमची कोलोनची गाडी सकाळची होती. निरोप पाठवला होता, स्टेशनवर ये. गेलो नाही. काम होतं. दार बसवत होतो.

जर्मन रंधा आज पहिल्यांदा वापरला. दार चौकटीत बसेना म्हणून. चांगला चालतो.

संध्याकाळी मांडणी लावली. वर माझे बूट. खाली करड्या सपाता. गिरणीत राहिल्या होत्या, न्यायला विसरला असेल.

५ डिसेंबर

संत मिकुलाशची संध्याकाळ. रस्त्यात पोरं सैतान होऊन साखळ्या वाजवतायत. एका सैतानाने मला विचारलं, "चांगला वागलास का यंदा?" म्हटलं, माहीत नाही. त्याने मला कोळसा दिला, खोडकर पोरांना देतात तसा.

१५ डिसेंबर

भांग माहीत नाही. हे आता लिहायचं बंद करायला हवं.

२१ डिसेंबर

आईला फोन केला, नाताळला येत नाही. काम आहे. "कसलं काम? बांधकाम बंद झालं म्हणालास ना?" म्हटलं, एक खोली राहिलीय. आई म्हणाली, "एकटा आहेस का रे?" मी म्हटलं, हो. "मार्सेलाचं लग्न ठरलं," ती म्हणाली. मी म्हटलं, वा. तिने विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?" मी आठवून बघितलं. नव्हतं वाटलं. "मग कशाने रडतोयस?" म्हणाली. पोस्टात धूर फार असतो.

२२ डिसेंबर

चौकातल्या टाकीतून नाताळच्या जेवणाला मासा घेतला. जिवंत, मोठा. घरमालकिणीच्या न्हाणीघरातल्या टबात सोडला. स्त्रनादोवाबाई म्हणाल्या, "एकट्याला एवढा मासा?" म्हटलं, छोटे संपले होते. त्या म्हणाल्या, टाकी भरून छोटे होते, मी सकाळीच पाहिले.

२४ डिसेंबर

दुपारी ट्राम बंद होतात आज. शेवटची चढावरून वर येताना ऐकली. मी कोबीचं सूप टाकलं होतं, आमच्या पूर्वेकडचं, सुकी आळंबी घालून. माशाला मारायला धीर होत नव्हता. हातोडी घेऊन टबाच्या कडेवर बसलो होतो.

दारावर थाप. आमच्याकडे आजच्या जेवणाला एक पान जास्तीचं मांडतात, अवचित कुणी आलं तर. मी मांडलं होतं. सगळेच मांडतात.

दार उघडलं. रादिम. खांद्यावर पिशवी, टोपीवर बर्फ.

"हे दार ओळखीचं वाटतंय," तो म्हणाला.

"बिजागरी बदललीय," मी म्हटलं.

तो उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "कोलोनला चांगली खोली दिली होती. गालिचा, सोफा, सगळं. लोक यायचे, बूट घालून सोफ्यावर पाय टाकून बसायचे. मी रोज त्यांच्यामागे पुसत फिरायचो. डीटमार म्हणाला, तुला इथे घेऊन आलो कशाला?"

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, मलाही तेच कळेना." त्याने नाक पुसलं. "जानेवारीपासून ट्रामवर घेतायत परत. चार नंबरची." मग खाली बघत म्हणाला, "स्टेशनवर आला नाहीस."

"दार बसवत होतो."

"अख्खा दिवस?"

"बसत नव्हतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता खरं काही बोललं पाहिजे, आळंबं टाकलं तसं हे टाकता येणार नाही. मग मी त्या दिवशीसारखाच हात पुढे केला. त्याने वाकून बूट काढले आणि माझ्या हातात दिले. मी ते मांडणीत ठेवले, माझ्या बुटांशेजारी. तोवर त्याने खाली न बघताच सपातांत पाय घातले.

"हात धू," मी म्हटलं. "पण टबाकडे सांभाळून. मासा आहे."

आतून ओरडला, "अरे, हा तर अगदी डीटमार दिसतोय!"

माशाला आम्ही मारलं नाही. अंधार पडायच्या आत बादलीत घालून नदीत सोडून आलो. सूप आणि पाव खाल्ला. जास्तीचं पान कामी आलं. आता तो टेबलाशी बसून अक्रोड फोडतोय आणि विचारतोय, आज शूटिंग नाही, मग काय लिहितोयस?

भांग डावीकडे. घड्याळ नाही. बूट मांडणीत, वरच्या फळीवर उजवीकडे. सपाता पायात, करड्या. नीट लिहून ठेवतोय. उद्या हे सगळं असंच जुळलं पाहिजे.